पोळ्याच्या दिवशी एका कोकराची आठवण

आज पोळा. काल खांदेमळणी झाली, बैलांना आवतण गेले, आणि आज शिंगांना रंग, अंगावर झूल नि कपाळी बाशिंग अशा थाटात ते वेशीत उभे राहतील. ज्यांच्या दारी बैल उरला नाही अशा शहरी घरांत पाटावर मातीची जोडी मांडली जाईल आणि पुरणपोळीचा नैवेद्य तिला दाखविला जाईल. अशा दिवशी या पानावर वृषभाचे माहात्म्य वाचावयास मिळावे, ही वाचकांची अपेक्षा रास्तच आहे. परंतु ते सांगणारे आमच्याहून अधिकारी पुष्कळ आहेत. आम्ही आज एका कोकराची हकीकत सांगण्याची परवानगी मागतो. कोकरू साता समुद्रांपलीकडचे, त्याला वाढविणारी मुलगी अकरा वर्षांची, आणि त्याचा शेवट व्हावयाचा तो खाटकाच्या हाती. सणाच्या दिवशी हा विषय कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी थोडा धीर धरावा. २०२४ सालच्या पोळ्याला ही हकीकत आमच्या पाटाशी येऊन बसली, ती अद्याप उठावयास तयार नाही.

त्या वर्षी आषाढी झाली, पौर्णिमेचा गोपाळकाला झाला, आणि आम्ही सपत्नीक अमेरिकेस गेलो. चातुर्मासात कीर्तनकाराने पंढरी सोडू नये, असे आमचे वडील म्हणत. परंतु भाचीचा आग्रह तीन वर्षांचा होता, आणि तिकडील मराठी मंडळींनी श्रावणात आमची दोन कीर्तने ठरवूनही टाकली होती. असो. भाची ओहायो राज्यात एका लहानशा गावाच्या कडेला राहते. मागील दारी उभे राहिले की मक्याची आणि सोयाबीनची शेते नजर पोहोचेल तेथपर्यंत पसरलेली दिसतात. शेजार शेतकऱ्याचा. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही संध्या आटोपून ओट्यावर आलो, तो कुंपणापलीकडून एक मुलगी चालत येत होती आणि तिच्या मागोमाग काळ्या तोंडाचे, चांगले अंगापिंडाने भरलेले एक कोकरू. गळ्यात दोरी नव्हती, मुलीच्या हाती काठी नव्हती. ती थांबली की ते थांबे, ती वळली की ते वळे. जत्रेत हरवू नये म्हणून पोर जसे आईच्या पदराला धरून चालते, तसे ते तिच्या पावलांना धरून चालले होते.

भाचीचा नऊ वर्षांचा मुलगा हा आमचा दुभाषी. त्याने ओळख करून दिली, "आजोबा, हा बिस्किट."

बिस्किटाची जन्मकथा त्याच्याच तोंडून कळली. फेब्रुवारीच्या बर्फात एका मेंढीस तिळे झाले. मेंढीस आचळे दोनच. दोघांना पाजून तिसऱ्यास पुरत नाही. त्यातही हे तिसरे अगदी दुबळे. आईने हुंगले आणि डोक्याने बाजूस ढकलले. अशा टाकलेल्या पिलाला पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला तरच ते जगते. मुलीच्या बापाने मेंढीचा चीक पिळून दिला. मुलीने तो बाटलीने पाजला, कोकरू पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून स्वयंपाकघरात ऊबेला ठेवले, आणि पहिले काही आठवडे रात्रीच्या पाजण्या मायलेकींनी वाटून घेतल्या. पुढे ते चारा आणि दाणा खाऊ लागले, परंतु कळपात काही रमेना. मेंढ्यांत सोडले की कुंपणाशी येऊन मुलीच्या नावाने ओरडे. आपण मेंढी आहोत हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते!

आम्हांस पंडिताची खोड आहे, म्हणून येथे एक गोष्ट सांगून टाकतो. मेंढीला संस्कृतात ‘अवि’ म्हणतात, आणि तिकडे मेंढीच्या मादीस ‘यू’ म्हणतात. हे दोन शब्द एकाच प्राचीन घराण्यातील सख्खी भावंडे आहेत. त्या मुलीला आम्ही नातवाकरवी हे सांगितले तेव्हा तिला फार मौज वाटली. मग आम्ही सहज विचारले, "मोठा झाल्यावर याचे काय करणार?"

नातवाने तिला न विचारताच उत्तर दिले, "ऑगस्टमध्ये जत्रेत विकणार. मग त्याला कापणार." आणि तो कोकराच्या कानामागे खाजवू लागला.

हा प्रकार काय आहे, हे भाचीच्या यजमानांनी रात्री समजावून सांगितले. तिकडे ‘फोर-एच’ नावाची मुलांची मोठी संघटना आहे. डोके, हृदय, हात आणि आरोग्य या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे एकच. म्हणून हे नाव आणि म्हणून चार पानांचे हिरवे चिन्ह. तिचा उगम याच ओहायो राज्यातला. १९०२ साली क्लार्क कौंटीतील स्प्रिंगफील्ड गावी ए. बी. ग्रॅहम नावाच्या शाळाप्रमुखाने काही मुलामुलींना गोळा करून मका लावणे, भाजीपाला करणे, मातीची परीक्षा करणे असे उद्योग शिकविण्यास आरंभ केला. तेव्हाची अडचण अशी, की शेतकी विद्यापीठांत नवे शोध लागत, परंतु बांधावरचा शेतकरी ते मानीत नसे. मुले मात्र नवे करून पाहत, आणि मुलाच्या वाफ्यातला मका आपल्या मक्याहून सरस आलेला पाहून बापाचे डोळे उघडत. १९१४ साली कायदा होऊन हे काम विद्यापीठांच्या विस्तारसेवेशी जोडले गेले. पुढे १९२८ साली शेतकी शिकणाऱ्या शाळकरी मुलांची आणखी एक संघटना निघाली; निळ्या कॉर्डुरॉयचे जाकीट ही तिची खूण. या दोन्ही संघटनांची मुले जनावर वाढवितात, उन्हाळ्यात कौंटीच्या जत्रेत ते पंचांपुढे फिरवितात आणि अखेरीस लिलावात विकतात. बाजारासाठी वाढविलेले जनावर पुष्कळ ठिकाणी एकदा लिलावात चढले की परत घरी जात नाही. तसा नियमच आहे.

मुलीकडे एक वही होती. तीत कोकराची किंमत (बापाने ती लावून घेतली होती, फुकट दिले नव्हते), दाणा, चारा, अंथरायचा भुसा आणि डॉक्टरची फी तारीखवार लिहिलेली. औषध कोणते, किती आणि केव्हा दिले, याचीही नोंद. कारण औषधाचा अंश अंगात असता ते कोणाच्या ताटात जाऊ नये. दर आठवड्याचे वजन. आमच्या पिढीत वाण्याच्या पोराखेरीज इतका चोख हिशेब अकराव्या वर्षी कोणी ठेवल्याचे आमच्या पाहण्यात नाही. शिवाय तिने गावातील दुकानदारांना, पेढीला आणि आपल्या दातांच्या डॉक्टरला स्वहस्ते पत्रे लिहिली होती: मी अमुक, माझे कोकरू अमुक वजनाचे, लिलावास अवश्य यावे. पत्राच्या कोपऱ्यात बिस्किटाचे चित्र काढले होते.

येथे खरी अडचण उभी राहिली ती आमच्याच घरात. नातू रोज तिच्याबरोबर कोकरू फिरवायला जाई, आणि त्याने हट्ट धरला होता की पुढच्या वर्षी त्यालाही कोकरू हवे. भाचीच्या घरी एकादशी पाळली जाते, श्रावण पाळला जातो, अंडेदेखील आत येत नाही. ती आमच्यापुढे येऊन बसली. "मामा, तुम्ही सांगा. नाही म्हणावे तर याला वाटते, शेजारची मुले करतात ते वाईट आहे आणि आपण तेवढे शहाणे. हो म्हणावे तर..." तिने वाक्य पुरे केले नाही. चाळीस वर्षे व्यासपीठावरून आम्ही लोकांना धर्म सांगत आलो. भाचीला मात्र आम्ही "पाहू" एवढेच म्हणालो.

त्या रात्री झोप आली नाही. आठवत होती १९६८ सालची कार्तिकी. आमचे वय तेव्हा नऊ. आमच्या घरी थोडी कोरडवाहू जमीन होती आणि एक गाय. गाय व्याली आणि आठवड्यात दगावली. मागे गोऱ्हा राहिला. शेजारच्या गाईचे दूध बोटांवरून चाटवून आम्ही तो वाढविला. दोन वर्षांत तो असा देखणा निघाला, की वाटेने जाणारे थांबून पाहत. कार्तिकीला वाखरीस जनावरांचा मोठा बाजार भरतो, हे वाचकांस ठाऊकच असेल. एके दिवशी शाळेतून आलो तो गोठा रिकामा. आई म्हणाली, "तो मामाच्या गावाला गेला." खुंटीवर त्याचे दावे मात्र होते, जनावर विकले तरी दावे विकू नये, असे वडील म्हणत. आम्ही त्या दाव्याकडे पाहिले, आईकडे पाहिले आणि काही विचारले नाही. घरात त्याचे नाव पुन्हा कोणी काढले नाही. बहिणीच्या लग्नाचे देणे त्या पैशांतून फिटले, हे पुढे पुष्कळ वर्षांनी कळले.

श्रावणातल्या एका गुरुवारी आम्ही जत्रेस गेलो. आमच्या सौ.नी येण्यास साफ नकार दिला. त्या दिवशी त्यांनी घरी विष्णुसहस्रनामाची आवर्तने केली. जत्रा म्हणाल तर आपल्यासारखीच: पाळणे, गर्दी, खाद्यांचा वास, धूळ, हरवलेल्या मुलांच्या नावांचा पुकारा. मात्र एका अंगास जनावरांचे लांबलचक गोठे, आणि प्रत्येक कप्प्यापाशी मूल. कोणी कोकराला न्हाऊ घालीत होते, कोणी खरारा करीत होते. मेंढरांची लोकर आधीच अगदी बारीक कातरलेली. धुतलेले अंग मळू नये म्हणून त्यांना ताणाच्या कापडाचे रंगीबेरंगी अंगरखे चढविलेले. झूल पाहून डोळे निवलेल्या माणसाला हे अंगरखे पाहून हसू आले खरे. परंतु लगेच मनात आले, की आपली झूल ही पूजेची असते आणि हा अंगरखा बाजारचा. मग वाखरीच्या बाजारात नेताना आमच्या गोऱ्ह्याला वडिलांनी न्हाऊ घातले होते, शिंगे साळली होती, तेही आठवले.

पंचांसमोर जनावर फिरविण्याची जागा गोल, भुशाने माखलेली. तिला काय म्हणावे, असे नातवाने विचारले. आम्ही म्हणालो, "रिंगण". वाखरीच्या माणसाला दुसरा शब्द सुचता ना! मुलांनी दाव्याशिवाय, हनुवटीखाली हात धरून आपापली कोकरे उभी केली. गुडघा छातीशी टेकवला की कोकरू उलट रेटते आणि अंगातला मांसल भाग घट्ट होतो. पंच एकेकाच्या पाठीवर नि कमरेवर हात दाबून पाही. आमच्या बाजारातला जाणता व्यापारी याहून वेगळे काय करतो? मग त्याने ध्वनिक्षेपक हाती घेऊन, कोण का पहिला नि कोण का चौथा, याची कारणे सर्वांसमक्ष सांगितली. बाटलीवर वाढलेले कोकरू बांध्याने मागेच राहते. बिस्किट त्याच्या वजनाच्या गटात चौथे आले. जनावर हाताळण्याच्या कसबात मात्र मुलीला तिसऱ्या क्रमांकाची पांढरी फीत मिळाली.

संध्याकाळी लिलाव. आपल्याकडे जनावरांचा सौदा रुमालाखाली होतो. दोन हात कापडाखाली जातात, बोटे बोटांशी बोलतात, आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही भाव कळत नाही. येथे सगळे उघड. लिलाव पुकारणारा श्वास न घेता असा बोलत होता की आमच्यातले भले भले झांजेच्या ठेक्यावर बोलणारे त्याच्यापुढे मागे पडावेत. चहूंकडे त्याची माणसे उभी. कोणी बोट उचलले की ती आरोळी ठोकत. बोली लावणारे कोण, तर ज्यांना मुलांनी पत्रे लिहिली तेच: पेढी, ट्रॅक्टरचे दुकान, धान्याची वखार. बाजारात कोकराला जो दर येतो त्याच्या कितीतरी पट ते देतात. वरचे पैसे मुलाच्या शिक्षणासाठी, असा त्यातला भाव. काही जण जनावर नेतही नाहीत, ते खाटीकखान्याकडे बाजारभावाने वळते होते. काही जण मांस गरिबांच्या अन्नछत्राला देतात. दान, व्यापार आणि हत्या ही तीन एकाच आरोळीत इतकी गुंतलेली आम्ही यापूर्वी पाहिली नव्हती, आणि त्यांतले कोणते खोटे आहे हेही सांगता येईना.

मुलीचा क्रम आला. स्वच्छ पांढरा सदरा, केसांची घट्ट वेणी. दातांच्या डॉक्टरने नऊशे डॉलरना बिस्किट घेतले. बाजारभावाच्या जवळजवळ तिप्पट. मुलीने त्याच्याकडे पाहून मान लववली, कोकराची हनुवटी वर धरली आणि दुसऱ्या दाराने बाहेर गेली. पावले मोजल्यासारखी टाकीत होती. बाहेर एका माणसाने कोकराच्या पाठीवर खडूने आकडा घातला.

परत येताना भाचीच्या यजमानांनी एक प्रकरण सांगितले. २०२२ साली कॅलिफोर्नियातील शास्ता येथील जत्रेत एका लहान मुलीने आपली वाढविलेली शेळी लिलावात चढविली, आणि ऐनवेळी तिचे मन मोडले. शेळी मागे घेऊ द्या, अशी विनवणी घरच्यांनी केली. नियमाला धरून नकार मिळाला. शेळी ९०२ डॉलरना गेली. मग आईने ती शेळी तेथून नेली, जत्रेचे जे नुकसान होईल ते भरून देण्याची तयारी दाखविली, बोली लावणाऱ्यानेही शेळी जिवंत राहण्यास हरकत घेतली नाही. तरीही शेरीफचे शिपाई शेकडो मैल जाऊन ती शेळी घेऊन आले आणि ती कापली गेली. प्रकरण न्यायालयात गेले. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन लाख डॉलर देऊन कौंटीने तडजोड केली. नऊशे डॉलरची शेळी नि तीन लाखांची तडजोड! मुलांनी दिलेला शब्द पाळावा हे शिकविण्यासाठी ते सारे झाले, असे म्हणतात. शब्द पाळण्याचे महत्त्व हरिश्चंद्राचे आख्यान लावणाऱ्याला कोणी सांगावयास नको. परंतु शिबी राजाच्या दरबारात कबुतर आले तेव्हा तेथेही ससाण्याचा हक्क होता, आणि राजाने तो नाकारला नाही. त्याने तो स्वतःच्या मांसाने फेडला. शास्ताच्या जत्रेत हक्क फेडणारे पुढे आले होते, घेणारे मात्र ऐकेनात.

आमच्या शेजारच्या मुलीने काही मागे घेतले नाही. रात्री साडेनऊला नातवाने हट्ट केला म्हणून आम्ही पुन्हा गोठ्यात गेलो. दिवे मंद केले होते. कप्प्याकप्प्यात मुले जनावरांशेजारी भुशात बसलेली. कोणी रडत होते, कोणी रडत नव्हते. ही मुलगी बिस्किटाच्या मानेवर डोके टेकून बसली होती. तिचा बाप कठड्याला रेलून उभा. तो तिला गप्प राहा म्हणत नव्हता की समजावीतही नव्हता. पहाटे गाडी यावयाची होती. यास्काचार्यांनी ‘पशु’ हा शब्द पाहण्याच्या धातूशी जोडला आहे. हे आम्ही विद्यार्थ्यांना कितीदा शिकविले असेल. त्या रात्री ते कोकरू आमच्याकडे जे पाहत होते, ते आम्ही पाठांतरात कधी पाहिले नव्हते. निघताना मुलीने त्याच्या गळ्यातले दावे सोडले, गुंडाळले आणि खिशात घातले.

आणि आम्हांस भागवताच्या नवव्या स्कंधातील उर्वशी आठवली. पुरूरव्याकडे राहावयास येताना तिने दोन कोकरे ठेव म्हणून त्याच्या हवाली केली होती. ती त्यांना पुत्रवत मानी. गंधर्वांनी रात्री ती पळविली तेव्हा तिने जो आकांत केला, त्यापुढे राजाला वस्त्राचेही भान राहिले नाही. तो तसाच धावला. या कथेवर आम्ही वर्षानुवर्षे शृंगार आणि वैराग्य यांवरच बोलत आलो. कोकरांवर आम्ही कधी क्षणभर थांबलो नव्हतो.

त्याच शनिवारी कीर्तन होते, आणि आख्यान आधीच ठरलेले, जडभरताचे. सिंहाच्या गर्जनेने भ्यालेली गर्भिणी हरिणी नदीवरून उडी घेते, पाडस प्रवाहात पडते, भरत राजा ते उचलून आश्रमात आणतो. राज्य सोडलेला तो पुरुष पाडसात गुंततो, त्याच्याच ध्यासात देह ठेवतो आणि पुढील जन्मी हरिण होतो. आसक्ती कशी बांधते, हे सांगण्यासाठी याहून चांगले आख्यान नाही. शेजारचे शेतकरी कुटुंबही कुतूहलाने येऊन मागे बसले होते. रंग चांगला भरला. आरती झाली, आणि नातवाने सर्वांदेखत विचारले, "आजोबा, मग राजाने ते हरिण विकले असते तर तो सुटला असता का?"

सभा हसली. आम्हीही हसलो. उत्तर मात्र आमच्यापाशी नव्हते. राजाची चूक प्रेम करण्यात नव्हती, एवढे काहीतरी आम्ही बोललो. पोराचे समाधान झाले नाही हे त्याच्या तोंडावर दिसत होते.

पुढे जे घडले ते सांगण्याचे टाळता आले असते. मुलीचा बाप वाद्यांपाशी आला. तबल्याच्या पुडीवर त्याने हलकेच बोटे फिरविली आणि साथीस बसलेल्या तरुण अभियंत्याला विचारले, हे कातडे कशाचे? तो म्हणाला, "बकऱ्याचे." शेतकऱ्याने मान डोलावली आणि हात मागे घेतला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ज्याला कातड्यांची जाण आहे त्याने विचारलेला तो साधा प्रश्न होता. परंतु आमचे चाळीस वर्षांचे नामसंकीर्तन ज्या ठेक्यावर उभे आहे, तो ठेका कोणाच्या अंगावरून येतो, याचा विचार आम्ही त्या क्षणापर्यंत केला नव्हता. भाची हे सारे ऐकत होती. घरी आल्यावर आम्ही तिला म्हणालो, "आम्ही तुझ्या प्रश्नाचे उत्तर द्यावयास लायक नाही. मुलाला काय करावयाचे ते त्यालाच ठरवू दे. मात्र काही ठरविण्याआधी त्या गोठ्यातली रात्र त्याला आठवू दे." त्या संघटनेत भाजीपाला, कुत्रा, लोकर अशीही कामे मुले करतात, हे तिने काढून ठेवले होते. नातू म्हणाला, "लोकरीसाठी मेंढी ठेवली तर तिला कोकरे होतील. त्यातले बोकड कुठे जातील?" हा मुलगा पुढे वकील होईल असे आमच्या सौ.चे मत आहे.

२ सप्टेंबर २०२४, सोमवार, श्रावणी अमावास्या. ओहायोतल्या त्या घरात मातीचे बैल मिळणार कोठून? नातवाने शाळेच्या मातकामातल्या मातीची जोडी केली; एकाचे वशिंड दोनदा पडले. रंगीत कागदाची झूल झाली, पाट मांडला, पुरण शिजले. आम्ही पूजा सांगत होतो, तो शेजारची मुलगी दारात. डॉक्टरला पाठविलेल्या आभारपत्रासारखेच एक पत्र तिने नातवासाठी आणले होते, कारण उन्हाळाभर त्याने कोकरू फिरवायला तिला मदत केली. पत्रावर बिस्किटाचे छायाचित्र. पाटावरील बैल पाहून तिने हे काय, असे विचारले. नातवाने सांगितले: वर्षभर बैल काम करतात, आज त्यांना विश्रांती, आज त्यांची पूजा.

तिने विचारले, "आणि म्हातारे झाले की?"

नातू आमच्याकडे पाहू लागला. आत भाचीचे लाटणे थांबले. आम्ही म्हणालो, काही जण शेवटपर्यंत सांभाळतात, पुष्कळ जण विकतात. आणि मग का कोण जाणे, आम्ही त्या गोऱ्ह्याची गोष्ट सांगितली. बोटावरून चाटविलेले दूध, रिकामा गोठा, खुंटीवरचे दावे, मामाचे गाव. नातू एकेक वाक्य इंग्रजीत करीत होता. आमच्या सौ. दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. लग्नाला बेचाळीस वर्षे झाली, त्यांनीही ती कधी ऐकली नव्हती.

मुलीने सगळे ऐकून घेतले. तिने विचारले, त्याचे नाव काय होते?

छप्पन्न वर्षांनी आम्ही ते नाव तोंडाने उच्चारले. "सोन्या."

"सोनिया," ती म्हणाली. नातवाने ते दुरुस्त केले. तिने पुन्हा म्हणून पाहिले, या वेळी बरोबर. आणि हातातले पत्र बैलांच्या शेजारी पाटावर ठेवले.